ओढ्याकाठच्या झाडीचा नकाशा कसा करावा

वैशाखाच्या आरंभी, जेव्हा दख्खनच्या पठारावरील माळ वाळून पिवळे पडलेले असतात, रब्बीची शेते काढणी होऊन उघडी पडलेली असतात आणि डोंगरउतारांवरील सालई, मोई व साग ही झाडे पर्णहीन उभी असतात, तेव्हा या प्रदेशाचे आकाशातून घेतलेले चित्र पाहिले असता त्यात हिरव्या रंगाच्या ज्या थोड्या रेषा उरलेल्या दिसतात, त्यांतील पुष्कळशा ओढ्यांच्या व नद्यांच्या काठांच्या असतात. वाहते पाणी आटून गेले तरी पात्रातील वाळूखाली आणि कातळाच्या भेगांत जो ओलावा टिकून राहतो, त्याच्या आधारावर उंबर, करंज, जांभूळ आणि अर्जुनसादडा हे वृक्ष उन्हाळा काढतात. आणि भोवतालचा सारा प्रदेश करपलेला असल्यामुळेच त्यांचा हिरवा पट्टा वरून स्पष्ट ओळखू येतो. प्रस्तुत लेखात ओढ्याकाठची झाडी व जलप्रवाह यांचा नकाशा तयार करण्याची जी पद्धत सांगावयाची आहे, तिचा मुख्य आधार ऋतुमानाची ही वस्तुस्थिती होय.

असा नकाशा करण्याची निकड का आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. काठच्या झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, त्यांच्या सावलीने डोहाचे पाणी निवळ व थंड राहते, त्यांच्या पानगळीवर पाण्यातील कीटक आणि त्या कीटकांवर मासे जगतात, आणि शेतांतून वाहून येणारी माती पात्रात उतरण्यापूर्वी झाडांखालच्या गवतात अडते. हे सर्व असूनही या झाडीची सलग पट्टा म्हणून गावच्या दफ्तरात बहुधा कोठेच नोंद नसते. सातबाऱ्यावर ओढ्याखालचे क्षेत्र पोटखराब वर्ग ‘ब’ या सदरात पडते, गावनकाशावर पात्राच्या दोन रेघा असतात. पण त्या रेघांच्या अल्याडपल्याड काय उभे आहे, याविषयी कागद मूक असतो. मग नालाखोलीकरणाचे काम मंजूर होते, यंत्र येते, दोन दिवसांत काठ सोलून निघतो, आणि काय गेले हे सांगावयास कोणी उठला तर त्याच्या हाती दाखला म्हणून काहीच नसते. ज्या गावांत असे काम होऊ घातले आहे, तेथील शिक्षकांनी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने तरी हा नकाशा काम सुरू होण्याआधी तयार ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कामाचा प्रारंभ मात्र चित्रापासून करू नये. तो जुन्या कागदांपासून करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे आता विभागाच्या संकेतस्थळावरून नागरिकांस विनामूल्य मिळू शकतात. या नकाशांवर पाणी असणारे प्रवाह निळ्या रेषेने आणि हंगामी, एरवी कोरडे राहणारे प्रवाह काळ्या रेषेने दाखविण्याचा प्रघात आहे. आणि हा भेद सर्वेक्षणाच्या वर्षी जशी स्थिती होती तशी नोंदविलेला असल्यामुळे, नकाशावर निळा असलेला एखादा ओढा आज पौषातच कोरडा पडत असेल, तर आपल्या टिपणवहीतील पहिली नोंद तीच व्हावी. त्याच्या जोडीला तलाठ्याकडून अथवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी, म्हणजे पात्र कोणकोणत्या गटांच्या हद्दीवरून जाते ते कळेल.

हे जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर बसविताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या स्थलदर्शक नकाशांचा आधार एव्हरेस्ट गोलाभाचा आहे, आणि उपग्रहचित्रांचा आधार वेगळा आहे. त्यामुळे केवळ कोपऱ्यांवरील अक्षांश-रेखांश जुळवून नकाशा चित्रावर ठेवला, तर सबंध ओढाच पात्राबाहेर शेतात जाऊन पडतो. यास्तव ज्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या हललेल्या नाहीत, अशा आठ-दहा खुणा (दगडी पूल, जुने देऊळ, बांधीव विहीर, रेल्वेचे फाटक) दोन्हींवर शोधून त्यांवरून नकाशा बसवावा. ओढ्याचे वळण किंवा दोन प्रवाहांचा संगम खूण म्हणून कधीही वापरू नये; कारण पात्र सरकले किंवा काय हेच तर आपणांस पाहावयाचे आहे, आणि तेच गृहीत धरून नकाशा बसविला तर उत्तर आधीच पुसले जाते. या कामासाठी क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध असून ती पुरेशी आहे. लांबी व क्षेत्रफळ मीटरमध्ये मोजता यावे म्हणून प्रकल्पाचा नकाशा यूटीएम पद्धतीवर ठेवावा. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेकडील महाराष्ट्रास ४३ वा पट्टा लागू पडतो आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडील भागास ४४ वा.

यानंतर चित्राच्या निवडीचा प्रश्न येतो, आणि येथे थोडे गणित टाळता येत नाही. उपग्रहचित्र हे चौकोनी कणांचे बनलेले असते, व एका कणात जमिनीवरचे जे काही असेल त्या सर्वांची सरासरी एका आकड्यात उतरते. १९७२ पासून सुरू असलेल्या लँडसॅट मालिकेच्या चित्रांतील कण, १९८२ नंतरच्या उपग्रहांपासून, ३० मीटर बाजूचा आहे, म्हणजे त्यात ९०० चौरस मीटर जमीन मावते. युरोपच्या सेंटिनेल-२ या २०१५ पासून फिरत असलेल्या उपग्रहांच्या मुख्य रंगपट्टांत तो १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरांचा आहे. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-४ या संवेदकाचा कण ५.८ मीटर बाजूचा आहे. आता ज्या ओढ्याचे पात्र पाच मीटर रुंद आहे आणि ज्याच्या प्रत्येक काठावर झाडांची एकेक रांग आहे, तो ओढा लँडसॅटच्या एका कणात दोन्ही काठांसह आणि शेजारच्या ज्वारीच्या तुकड्यासह गडप होतो. तेथे चित्राचे रंग कितीही आकर्षक दिसले तरी त्यावरून काठाविषयी विधान करणे गैर आहे. स्थूलमानाने असे धरावे की ज्या पट्ट्याची रुंदी मोजावयाची, तिच्यात चित्राचे तीन-चार कण तरी आडवे मावले पाहिजेत. भीमा, गोदावरी, कृष्णा यांच्या मधल्या टप्प्यांसाठी सेंटिनेल चालेल. गावच्या ओढ्यासाठी गूगल अर्थवरील अधिक सूक्ष्म चित्रे पाहावीत, आणि तीही अपुरी पडली तरच ड्रोनचा विचार करावा. सेंटिनेल व लँडसॅट यांची चित्रे विनामूल्य मिळतात. भारतीय उपग्रहांच्या चित्रांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे व त्याच्या ‘भुवन’ या संकेतस्थळाकडे जावे. राज्याच्या पातळीवर नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र याच कामासाठी आहे.

परंतु कणाच्या आकारापेक्षाही चित्राची तिथी अधिक महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे, आणि नवशिके बहुधा याच ठिकाणी चुकतात; कारण भाद्रपद-आश्विनातले हिरवेगार चित्र पाहून मन हरखते, आणि त्या चित्रात झाडी, गवत, पीक व तण यांतील कोणताच भेद उरलेला नसतो. आषाढ-श्रावणात तर ढगांमुळे चित्रच मिळत नाही. उलटपक्षी, फार लवकरचे चित्रही फसविते. करंज आणि अर्जुनसादडा यांची पानगळ अल्पकाळाची असली तरी ती फाल्गुन-चैत्राच्या सुमारास होते आणि लागलीच नवी पालवी फुटते. त्या नेमक्या दिवसांतले चित्र घेतले तर धडधाकट झाडीचा पट्टा विरळ भासतो. दुसऱ्या बाजूस वळवाचा पाऊस उभा असतो. एक जोराची सर आली की आठ-दहा दिवसांत माळावर गवताची लव उठते आणि ज्या विरोधावर आपली सारी भिस्त आहे तो विरोध नाहीसा होतो. यावरून पठारी प्रदेशासाठी एप्रिलचा उत्तरार्ध व मेचा पहिला आठवडा, तोही त्या वर्षीचा पहिला वळीव पडण्यापूर्वीचा, हा काळ सर्वांत योग्य ठरतो. सेंटिनेलची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जात असल्यामुळे या अवधीतील चार-पाच चित्रे हाती लागतात, त्यांतील निरभ्र व धूसरता नसलेले चित्र निवडावे. त्याच्या जोडीस नोव्हेंबरच्या अखेरचे एक चित्र ठेवावे, ते पाण्यासाठी उपयोगी पडेल.

कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर हा न्याय चालत नाही, हे येथेच सांगून ठेवतो. जेथे पऱ्ह्याच्या किंवा व्हाळाच्या दोन्ही बाजूंस सदाहरित वन आहे, तेथे मे महिन्यातही सारेच हिरवे असते आणि काठ वेगळा काढता येत नाही. तेथे प्रवाहाची रेषा उंचीच्या प्रतिमानावरून काढावी. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या रडार-मोजणीवरून बनविलेले ३० मीटर कणाचे प्रतिमान याकरिता विनामूल्य मिळते. मात्र त्या रडारने पुष्कळ ठिकाणी जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजलेले असल्यामुळे, सपाट व दाट झाडीच्या भागात काढलेली रेषा खऱ्या प्रवाहापासून बाजूस गेलेली असण्याचा संभव धरूनच चालावे.

आता हिरवेपणा मोजण्याविषयी. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी मात्र अवरक्त प्रकाश जवळजवळ सर्वच गिळते. या दोन गुणधर्मांवर दोन निर्देशांक उभे आहेत. अवरक्तातून तांबडा वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागले की वनस्पतींचा निर्देशांक मिळतो, आणि हिरव्यातून अवरक्त वजा करून त्यांच्या बेरजेने भागले की पाण्याचा. दोन्हींचे मूल्य उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान राहते. वैशाखातील उघड्या जमिनीवर वनस्पतींचा निर्देशांक साधारणतः ०.१ ते ०.२ च्या आसपास घोटाळतो, दाट पालवीच्या छत्रावर तो ०.६ च्या वर जातो, आणि स्वच्छ पाण्यावर शून्याखाली उतरतो. ही मूल्ये दिशा दाखविण्यापुरतीच घ्यावीत. आपल्या ओढ्यावरची मर्यादा आपण स्वतः ओळखीच्या जागा पाहून ठरवावी.

हा आकडा हिरवेपणा सांगतो, झाड सांगत नाही, हे कधीही विसरू नये. पश्चिम महाराष्ट्रात वैशाखात ओढ्याकाठी सर्वांत हिरवे जे दिसते, ते पुष्कळदा उपशावर वाढलेला ऊस असतो. उजनीसारख्या जलाशयाच्या कडेने उन्हाळ्यात जो रुंद हिरवा पट्टा उमटतो, त्यातील मोठा भाग पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवरील पिकांचा असतो. आणि ज्या नद्यांत शहरांचे सांडपाणी सोडलेले असते, त्यांच्या पात्रावर पसरलेली जलपर्णी तर निर्देशांकाच्या दृष्टीने साऱ्या नदीतील सर्वोत्तम वनस्पती ठरते. आकड्यावर विसंबून नकाशा रंगविणारा मनुष्य नदीच्या रोगासच तिचे आरोग्य म्हणून नोंदवील, आणि तो नकाशा कोणी प्रमाण मानला तर त्यापासून होणारा अनर्थ लहान नाही. बेशरमाची झुडपे, वेडी बाभूळ व घाणेरी यांचेही तसेच. ती हिरवी असतात, काठावरच असतात, पण उंबर-जांभळाच्या जागी त्यांची गणना करता येत नाही.

उसाची व झाडीची फारकत करण्याचा एक चांगला उपाय आहे. एकाच उन्हाळ्याचे चित्र न घेता लागोपाठच्या चार-पाच उन्हाळ्यांची, त्याच पंधरवड्यातील चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक कणासाठी त्यांतील सर्वांत कमी निर्देशांक तेवढा ठेवावा. उसाचे रान खोडवा मोडल्यावर कोणत्या तरी एका वर्षी उघडे पडतेच, गाळपेरीची जमीन कधी पाण्याखाली असते तर कधी नांगरलेली, जलपर्णी पुराबरोबर वाहून जाते किंवा काढली जाते. सर्व वर्षी हिरवे राहते ते झाड. ही रीत आखीव बांधांच्या प्रदेशात फार उपयोगी पडते. तिच्यातून सुटणारी फसगत म्हणजे वेडी बाभूळ आणि बारमाही बागाईत, विशेषतः आंबा-चिकूच्या बागा. त्यांपैकी बागा त्यांच्या सरळ रांगांवरून सूक्ष्म चित्रात ओळखता येतात, आणि वेडी बाभूळ ओळखण्यास पायांनी जावे लागते.

पाण्याच्या नोंदीत याहून वेगळे धोके आहेत. आपल्याकडील पात्र बहुधा काळ्या कातळाचे असते, आणि डोळ्यांनी पाहता कातळ, काळी जमीन व पाणी वरून सारखीच दिसतात. निर्देशांकाने हा घोटाळा बराच सुटतो, तथापि सावलीचा सुटत नाही: डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना घाटाच्या घळींत ज्या गडद सावल्या पडतात, त्या पाणी म्हणून नोंदविल्या जातात. वणव्याने जळालेला उतारही तसाच काळा उमटतो. म्हणून पाणी म्हणून आलेला प्रत्येक डाग उताराशी ताडून पाहावा. पाणी उतारावर थांबत नाही, या एका विचाराने निम्म्या चुका जागीच निकालात निघतात. उलट ज्या डोहावर दोन्ही काठांची छत्रे मिळालेली आहेत, तो कोणत्याच चित्रात दिसणार नाही, आणि नेमका तोच डोह मेअखेरपर्यंत पाणी धरून असतो. नोव्हेंबरच्या चित्रात असलेले व मेच्या चित्रातही टिकलेले पाणी वेगळ्या रंगाने दाखवावे, आणि छत्राखालच्या डोहांसाठी जागा मोकळी ठेवून ती गावकऱ्यांकडून भरून घ्यावी. गुराखी, भोई आणि कोळी यांना प्रत्येक डोह नावानिशी ठाऊक असतो व तो कोणत्या महिन्यात आटतो हेही ठाऊक असते.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष रेषा आखावयाची. संगणकाकडून आपोआप वर्गीकरण करून घेण्याच्या अनेक रीती आहेत व त्या मोठ्या खोऱ्यांसाठी अपरिहार्यही आहेत. परंतु दहा-पंधरा किलोमीटरांच्या ओढ्यासाठी सूक्ष्म चित्र समोर ठेवून स्वहस्ते आखणी करणे हेच अधिक विश्वसनीय, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. पडद्यावरील प्रमाण एकदा १:२,००० असे काही ठरवावे आणि आखणी संपेपर्यंत ते बदलू नये. सोयीप्रमाणे जवळ-दूर होत आखलेल्या रेषेत एका टप्प्याचा तपशील दुसऱ्याशी जुळत नाही. प्रवाहाच्या दिशेस तोंड करून उभे राहिले असता डाव्या हातास तो डावा काठ, उजव्या हातास तो उजवा. दोन्ही काठांचे पट्टे स्वतंत्र आखावेत, कारण एका बाजूस देवराई व दुसऱ्या बाजूस नांगरट असे दृश्य आपल्याकडे वारंवार आढळते आणि दोहोंची सरासरी काढली तर दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. वर्ग थोडे ठेवावेत: सलग झाडी, विरळ झाडी, झुडपे, पाणकणीस व लव्हाळा यांचे दलदली गवत, उघडा काठ, पीक, बांधकाम. यापेक्षा बारीक भेद चित्रावरून करण्याचा मोह टाळावा. जेथे पट्टा तुटतो तेथे तुटलेल्या अंतराची लांबी लिहावी. माझ्या दृष्टीने नकाशातील सर्वांत उपयुक्त आकडा तोच, कारण झाडे लावावयाची ती कोठे, हे त्यावरून ठरते.

पाटबंधारे खाते ज्या पूररेषा आखते, त्यांतील निळी रेषा सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. त्या उपलब्ध असल्यास आपल्या नकाशावर अवश्य उतरवाव्यात. पण आपण आखलेल्या झाडीच्या कडेस पूररेषा म्हणू नये व कोणास म्हणू देऊ नये. दोहोंचा अर्थ आणि कायद्यातील वजन निराळे आहे.

ओढ्याचा पूर्वेतिहास पाहण्याचे एक साधन पुष्कळांस माहीत नसते. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या ‘कोरोना’ नामक हेरगिरीच्या उपग्रहांनी जगाच्या मोठ्या भागाची कृष्णधवल चित्रे घेतली. ती १९९५ साली गुप्ततेतून मुक्त करण्यात आली, आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहातून ती आता कोणासही मिळतात. त्यांतील उत्तम चित्रांत सुमारे दोन मीटरांपर्यंतचा तपशील दिसतो. त्यांत अवरक्त पट्ट नसल्यामुळे निर्देशांक काढता येत नाही, झाड ओळखावयाचे ते त्याच्या गडद ठिपक्यावरून व पडलेल्या सावलीवरून. शिवाय त्या कॅमेऱ्याच्या रचनेमुळे चित्राच्या कडांकडे आकार ताणले जातात, म्हणून सबंध पट्टी एकदम न बसविता लहान तुकडे करून बसवावी. पुण्याच्या आंबील ओढ्यासारख्या प्रवाहाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास याहून मोलाचा दस्तऐवज नाही. कात्रजच्या बाजूने उतरून पर्वतीच्या पायथ्याकडून मुठेस मिळणाऱ्या या ओढ्यास २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जो पूर आला, त्यात माणसे मृत्युमुखी पडली, घरे व भिंती कोसळल्या. त्याच्या वरच्या अंगाला धनकवडी हे शहराबाहेरचे गाव होते त्या काळातील पात्राची रुंदी जुन्या चित्रावर ठिकठिकाणी मोजावी, त्याच ठिकाणी आजची रुंदी मोजावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पात्राचा संकोच किती व कोठे झाला, हे सांगण्यास त्यानंतर विशेषणांची गरज पडत नाही.

ड्रोनविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश हिरवे, पिवळे व लाल अशा क्षेत्रांत विभागलेले आहे. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही, आणि विमानतळांच्या व संरक्षण-आस्थापनांच्या आसपास ती बाब अगदी वेगळी आहे. म्हणून उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहावा, ड्रोनच्या वजनानुसार लागू होणारे नोंदणीचे नियम पाळावेत, अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि ज्यांच्या शेतांवरून ड्रोन जाणार त्यांना आदल्या दिवशी सांगावे. पुढील चित्र मागील चित्रावर ७५ ते ८० टक्के व शेजारची रांग सुमारे ७० टक्के चढेल अशी आखणी करावी, कारण झाडांची छत्रे वाऱ्याने हलतात आणि कमी चढ असल्यास ती जुळत नाहीत. नुसत्या पाण्याची चित्रे जुळतच नाहीत, तेव्हा प्रत्येक चित्रात काठाचा काही भाग आला पाहिजे. जमिनीवर चुन्याच्या मोठ्या फुल्या काढून त्यांचे स्थान अचूक उपकरणाने मोजून ठेवावे. सावल्या आखूड असतात म्हणून मध्यान्हीच्या मागेपुढे उडवावे. अर्जुनसादड्याच्या व उंबराच्या उंच फांद्यांवर आग्यामोहोळ असते, त्याच्याजवळ ड्रोन नेणे पात्रात काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतू शकते. आणि पक्ष्यांची घरटी असलेल्या झाडांवरून तर उडवूच नये.

यापुढचा भाग पायांनी करावयाचा, आणि तो टाळून केलेल्या नकाशास मी नकाशा म्हणणार नाही. प्रत्येक वर्गासाठी सुमारे ५० ठिकाणे संगणकाकडून यादृच्छिक रीतीने निवडून घ्यावीत. स्वतः निवडू नयेत, कारण स्वतः निवडलेली ठिकाणे रस्त्याजवळची आणि आपल्या मताला अनुकूल अशीच निघतात. लहान ओढ्यावर इतकी ठिकाणे न मिळाल्यास मिळतील तेवढी सर्व पाहावीत. तेथे जाऊन चित्रावरून दिलेला वर्ग खरा की खोटा याची रुजुवात करावी. उदाहरणार्थ, नकाशावर ‘सलग झाडी’ म्हणून दाखविलेल्या ५० ठिकाणांपैकी ४१ ठिकाणी झाडी आढळली, तर त्या वर्गाची विश्वसनीयता ८२ टक्के. पण तेवढ्यावर थांबू नये. प्रत्यक्षात झाडी असूनही नकाशाने दुसरेच काही म्हटले अशी ठिकाणे किती, तो हिशेबही स्वतंत्र मांडावा. दोन्ही आकडे नकाशावरच छापावेत, कितीही कमी आले तरी.

रुजुवातीच्या कागदावर चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी जागा ठेवावी. प्रमुख वृक्ष कोणते, पाण्याच्या कडेला वाळुंज किंवा शेरणी आहे काय, तोडीचे बुंधे किती ताजे आहेत, गुरांची वाट कोठून उतरते, सांडपाण्याचा नळ कोठे पडतो, काठ कोठे ढासळत आहे. आणि या सर्वांहून महत्त्वाची नोंद म्हणजे रोपांची. वरून पाहता जे छत्र अखंड व गर्द हिरवे दिसते, त्याच्याखाली गेल्यावर कित्येकदा जुन्या करंजांच्या व उंबरांच्या बुंध्यांखेरीज काहीच नसते. गुडघाभर उंचीचे एकही रोप नाही, सारे चरले किंवा जळले गेलेले. असा पट्टा आजच्या चित्रात समृद्ध दिसतो, आणि त्यातील म्हातारी झाडे एकेक करून पडली की तो राहणार नाही. चित्राला हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी दहा मीटर लांबीच्या काठावर माणसाच्या कमरेपेक्षा लहान रोपे किती व कोणत्या जातीची, हे मोजून लिहावे. पात्रात उतरण्यापूर्वी वरच्या धरणातून विसर्ग होणार आहे काय, याची चौकशी पाटबंधारे खात्याकडे करून घ्यावी. कोरड्या पात्रात पाणी चढण्यास फार वेळ लागत नाही.

तयार नकाशाची एक मोठी प्रत ग्रामसभेपुढे मांडावी आणि डोहांची, उतारांची व पाणवठ्यांची नावे लोकांकडून दुरुस्त करून घ्यावीत. दुसरी प्रत लोकजैवविविधता नोंदवहीस जोडावी, तिसरी मृद व जलसंधारणाच्या कार्यालयात अर्जासह द्यावी आणि तिची पोच घ्यावी. खोलीकरणाचा प्रस्ताव असल्यास सलग झाडीचे टप्पे कामातून वगळण्याची मागणी त्याच अर्जात, गट क्रमांकांसह, करावी. नकाशाच्या समासात चित्राचा उपग्रह अथवा ड्रोन, चित्राची तारीख, त्या वर्षी पहिला वळीव केव्हा पडला ती तारीख, आखणीचे प्रमाण, वर्गांच्या व्याख्या, रुजुवात करणाऱ्यांची नावे आणि रुजुवातीच्या ठिकाणांची यादी एवढा मजकूर अवश्य लिहावा, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या कोणास त्याच पंधरवड्यात, त्याच ठिकाणी उभे राहून हेच मोजमाप पुन्हा करता येईल.